तीन तुकड्यांची काठी

आमच्या दुकानातून आजवर किती छत्र्या दुरुस्त होऊन गेल्या ते देवालाही सांगता येणार नाही. मासे गरवायच्या साहेबी काठ्या मात्र एकूण अकराच होत्या आणि त्या अकरांची पत्रिका मला पाठ आहे. या अंकाच्या संपादकांना माझ्याकडून खरं तर वेगळंच काही हवं होतं. मालवणातली बाई, स्वतःचं दुकान असलेली, म्हणजे आमसुलं नाहीतर कुळथाचं पीठ विकत असणार, असं ते धरून चालले होते. मी कळवलं, मला पापड लाटता येत नाहीत. घरच्यांनी हे केव्हाच मान्य केलं आहे, तुम्हीही करा. मी काठ्यांवर लिहीन. त्यांचं उलट टपाली कार्ड आलं, ‘कसल्या काठ्या?’ तेव्हा आधी तेच सांगते.

माझे वडील तरुणपणी बेळगावच्या छावणीजवळ एका बंदुकवाल्याच्या दुकानात कामाला होते. साहेब लोक तिथे बंदुका आणत, तशाच गरवायच्या काठ्याही दुरुस्तीला टाकत. सत्तेचाळीस साली साहेब गेले. जाताना त्यांनी कुत्री मित्रांना दिली, पियानो लिलावात काढले आणि दुरुस्तीला टाकलेल्या काठ्या विसरले. पुढे ते दुकानच बंद झालं. मालकाने काठ्या बाबांना देऊन टाकल्या. बाबा मालवणात परत आले, बाजारात छत्र्या आणि स्टोव्ह दुरुस्तीचं दुकान घातलं आणि काठ्या आढ्याला टांगून ठेवल्या.

चार-पाच वर्षांत त्यांचे हात थरथरायला लागले. माझा नवरा मुंबईला गोदीत. गणपतीला यायचा, छत्री दुरुस्त करून घ्यायचा आणि जायचा. मूलबाळ नव्हतं, हात स्थिर होते, म्हणून मी दुकानात बसले. बाईमाणूस दुकानात बसते यावर बाजारात दोन महिने चर्चा चालली. मग पावसाळा तोंडावर आला आणि चर्चा करणारे सगळे मुकाट्याने आपापल्या छत्र्या घेऊन आले.

आता काठी. आपल्याकडे गरवणं म्हणजे काय, तर दोरीला गरी, गरीला कोळंबी, वर शिशाचा तुकडा आणि द्यायचं भिरकावून. शिसं जड, ते दोरीला ओढत नेतं. साहेबाचं सगळं उलटं. त्याच्या गरीला कोंबडीचं पीस बांधून केलेली खोटी माशी. तिला वजन म्हणून नाही, फुंकर मारली तर उडेल. वजन असतं ते दोरीत. रेशमाची जाड, पीळदार दोरी. ती पाण्यावर तरंगावी म्हणून साहेब काही डबीतलं लावीत, आम्ही कोकमाचं तेल लावायचो, टाचांच्या भेगांना लावतात तेच. तर ही दोरी काठीने हवेत मागे न्यायची, मागे पूर्ण सरळ होऊ द्यायची आणि मगच पुढे आणायची. मध्ये क्षणभर थांबायचं. सगळी विद्या त्या थांबण्यात आहे. बायकांना हे शिकवावं लागत नाही. ओलं लुगडं वाळत घालण्याआधी झटकताना आपण तेच करतो. घाई केली की लुगडं गोळा होऊन आपल्याच अंगावर येतं. पुरुषांना थांबवत नाही, म्हणून गरी त्यांच्या कानात रुतते. आजवर तीन कानांतून मी ती काढली आहे. दोन कान सरकारी होते.

ही काठी अख्ख्या बांबूची नसते. बांबूच्या सहा बारीक, तिकोनी कांबी तासून, सरसाने एकमेकींना चिकटवून एक सहाकोनी काठी करतात. तिचे तीन तुकडे: बूड, मधला आणि शेंडा. ते पितळेच्या नळीने एकात एक बसतात. जुनी काठी घ्यायची तर आधी जोड ओढून बघायचा. बाटलीचं बूच निघावं तसा ‘टप्’ आवाज आला पाहिजे. नाही आला तर नळी झिजली. मग एक डोळा मिटून बुडापासून शेंड्यापर्यंत बघायचं, कुठे कायमचा बाक आलाय का. इथवर कोणालाही जमतं. बैल घेताना दात बघतात तसं. पण बैल नांगराला कसा चालेल ते दातांवरून कळत नाही.

खरा प्रश्न असतो, काठी वाकते कुठून? मी माझ्यापुरते तीन वर्ग पाडले होते. पहिला मामलेदार: नुसती मान हलते, बाकी सगळं ताठ. दुसरा भटजी: दक्षिणा दिसली की कमरेतून वाकतो. तिसरा तांडेल, म्हणजे मचव्याचा कप्तान: वल्ह्यावर बसला की टाचेपासून मानेपर्यंत सगळा हलतो. मामलेदार काठी दोरी लांब फेकते, पण फेकणाऱ्याच्या खांद्यातून ते वसूल करते. तांडेल काठी सुस्त. गिऱ्हाईक तिला हातात घेऊन हलवतं आणि नाक मुरडतं. पण थांबायची तयारी असेल तर निम्मं काम ती स्वतःच करते.

गिऱ्हाइकं काय, सगळी हलवूनच बघायची. पंचावन्न-छप्पन सालच्या सुमारास खाडीवरच्या कामावर एक इंजिनियर आले होते. ते दुकानात उभे राहून काठी अशी झटकायचे, की जणू तिचा ताप उतरवायचा आहे. त्यांना अकरांतली सर्वांत देखणी पसंत पडली. मधाच्या रंगाची, तांबड्या रेशमाचे वेढे घातलेली, वाकायला अगदी बेताची. बाबा तिला राणी म्हणत. वेढे थोडे उसवले होते. ‘ही माझी,’ इंजिनियर म्हणाले. वेढे नवे घालून दिवाळीनंतर देते, असा मी त्यांना शब्द दिला.

त्याच वर्षी, पावसाळ्याच्या अखेरीला, भिवा तांडेलाची बायको दुकानात आली. भिवा तांडेलांना सगळं मालवण ओळखायचं. तीस वर्षं मचवा चालवला, आणि घरी असले की खाडीत गरवायला. होळीच्या सुमारास मचव्याची परबाण, म्हणजे शिडाचं आडवं लाकूड, उजव्या खांद्यावर पडली. हाड जुळलं, पण हात छातीच्या वर जाईना. समुद्र सुटला, आणि शिसं भिरकावता येईना म्हणून गरवणंही सुटलं.

‘बाय, तुझ्याकडे सायबाचे काठये आसत मां?’

‘आसत. कोणाक व्हयी, काकी?’

‘आमच्या ह्येंका. माका तो माणूस घरात नको गो! मासळी कापूक बसलंय काय माझ्या डोक्यार उभो. “सुरी अशी धर, शेपटी तशी धर.” काल चुलीतली लाकडां मोजीत होतो. असोच आणखी म्हयनोभर बसलो तर एक तर तो जातलो, नायतर मी जातलंय.’

मी हसले. ती हसली नाही. पदराने तोंड पुसून म्हणाली, ‘परवा रडलो. माझ्यासमोर. तीस वर्सांत कधी रडाक नाय होतो.’

दुखरा खांदा म्हणून मी सर्वांत हलकी, आखूड काठी निवडली आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरासमोरच्या वाळूत नेऊन दिली. हातात घेऊन तोलून बघितली, हलकी वाटली, झालं. ज्या चुकीसाठी मी इंजिनियरना हसत होते, तीच केली.

तांडेलांनी ती दोन बोटांत धरली. ‘ह्यां काय? कान कोरूक?’

‘फेकून तर बघा, तांडेलानु.’

त्यांनी फेकली. काठी होती पक्की मामलेदार. दोरी पायाशी गोळा झाली. पुन्हा फेकली, जोर लावून. खांद्याला कळ आली ती त्यांच्या चेहऱ्यावर दिसली. तिसऱ्यांदा फेकलीच नाही. काठी वाळूत ठेवली, टाकली नाही, ठेवली, आणि म्हणाले, ‘बाय, माजी थट्टा करूची होती तर थंय बाजारात करूची होती. घरासमोर कित्याक?’ आणि पडवीत जाऊन बसले. तांडेलीण माझ्याकडे बघत राहिली. त्या बघण्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

घरी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, ‘काठी तू तुझ्या हातान निवडलंस. गरवतलो कोण? तो. मगे तेच्या हातान निवडूक नको?’

तेव्हा मी उरलेल्या दहाही काठ्या मोळीसारख्या बांधून नेल्या. तांडेल पडवीतून उठेनात. तांडेलिणीने त्यांच्या पुढ्यातला पानाचा डबा उचलून वाळूत नेऊन ठेवला, तेव्हा उठले. मी त्यांना सांगितलं, कोपर कमरेला चिकटवून ठेवा, हात वर न्यायचाच नाही, आणि मागे नेल्यावर थांबा. ते थांबेनात. एक काठी, दुसरी, तिसरी. शिव्या वाढत चालल्या. शेवटी मी म्हटलं, ‘काकी लुगडां कशी झटकतत ती बघल्यात कधी?’

‘मी कित्याक बघू? मी दर्यार आसय!’

‘मगे आज बघा.’

तांडेलिणीने बादलीतलं लुगडं उचललं आणि झटकलं. मागे, क्षणभर काही नाही, आणि पुढे. फाट्! पाण्याचे थेंब आम्हां दोघांच्या तोंडावर. ‘परत,’ तांडेल म्हणाले. तिने परत झटकलं. तीस वर्षांच्या संसारात बायकोकडे इतकं लक्ष देऊन त्यांनी पहिल्यांदाच बघितलं असावं. ती लाजली. वय पन्नास.

सातवी काठी म्हणजे सगळ्यांत कुरूप, आम्ही तिला म्हातारी म्हणायचो. रोगण काळं पडलेलं, बूड ठेचलेलं. तिच्या शेंड्याने आमची आत्या आढ्यातली कोळिष्टकं काढायची. त्यांनी ती मागे नेली. थांबले. काठी पार मुठीपर्यंत वाकली, आणि मग जणू तिच्याच मनात आलं म्हणून पुढे आली. दोरी उलगडत गेली आणि पाण्यावर अशी पडली की आवाज नाही. हात छातीच्या वर गेलाच नव्हता.

तांडेलांनी दोरी ओढून घेतली आणि पुन्हा एकदा तशीच फेकली. मग तांडेल म्हणाले, ‘बाकीची काटकां घेवन जा.’

पुढचे तीन आठवडे ते सकाळी खाडीवर जात ते दुपारी जेवायला येत. कधी बोय घेऊन, कधी तांबोशी, कधी नुसतेच. घरातली लाकडं मोजायची थांबली. आणि तेव्हा तांडेलिणीने त्या काठीवर उपकार करायचे ठरवले.

आपल्याकडे बांबू तोडला की खाडीच्या चिखलात पुरून ठेवतात. खारं पाणी मुरलं की कीड लागत नाही, वर्षानुवर्षं टिकतो. हे कोकणात शेंबड्या पोरालाही माहीत. तांडेल नातवाच्या बारशाला लेकीकडे जामसंड्याला गेले होते. मागे तांडेलिणीला काठीच्या बुडाशी टाचणीएवढं भोक दिसलं. तिने काठी नीट तीन तुकड्यांत सोडवली, चिखलात पुरली, वर दगड ठेवले. पाचव्या दिवशी काढायला गेली आणि तशीच ओलं पोतं घेऊन दुकानात आली.

‘बाय गो, काठी फुलली.’

पोत्यातून तिने अठरा कांबी फळीवर ओतल्या. सरस पाण्यात विरघळतो. तीन तुकडे, प्रत्येकी सहा, एकही दुसरीला धरून राहिलेली नाही. तिने खाली बसकण मारली. ‘ते मंगळवारी येतत. तेंका काय दाखवू? परत थंय पडवीत बसतले गो. ह्या खेपेक उठाचे नाय.’

तो गुरुवार होता. छत्र्या मी बाजूला सारल्या. बाबा खुर्चीत बसून सांगत होते, मी करत होते. कांबी सावलीत वाळवल्या, उन्हात घातल्या असत्या तर तडकल्या असत्या. कुठली कुठल्या तुकड्यातली ते पेरांवरून जुळवलं. सरस पातळ कढवून लावला आणि वरून दोऱ्याचे वेढे आवळत नेले. छत्रीच्या काड्या बांधून बोटं तयार होती. बूड जमलं. शेंडाही जमला. मधल्या तुकड्यातल्या दोन कांबी मात्र फुगून पिळल्या होत्या, कितीही आवळल्या तरी तोंड फिरवून बसत. रविवारी दुपारपर्यंत मी तो चार वेळा बांधला, चार वेळा सोडला.

बाबांनी वर आढ्याकडे बघितलं नाही. मीही नाही. पण दोघांनाही माहीत होतं, की म्हातारी आणि राणी एकाच कारखान्यातल्या, नळ्या एकाच मापाच्या.

‘मधलो तुकडो काढलो काय ती काठी नाय,’ बाबा म्हणाले. ‘ह्यां तुका कळता मां?’

‘कळता.’

‘इंजिनियर तिका घेवन काय करतलो?’

‘भिंतीर टांगतलो.’

बाबा खुर्चीत वळून रस्त्याकडे तोंड करून बसले. ‘काढ,’ म्हणाले. राणीचा जोड मी ओढला. ‘टप्’ असा आवाज आला, अगदी नव्या काठीसारखा. त्या आवाजाला बाबांची पाठ हलली ती मला दिसली.

मंगळवारी संध्याकाळी तांडेल आले ते थेट काठी घेऊन पाण्याकडे. मी आणि तांडेलीण माडाच्या आळ्याशी उभ्या. त्यांनी एकदा फेकली आणि थांबले. काठी हातात आडवी धरून बघितली. ‘हिची कंबर बदलली.’

‘हवा दमट आसा,’ मी म्हटलं. ‘बांबू फुगता.’

त्यांनी मधल्या तुकड्यावरून बोट फिरवलं. बूड आणि शेंड्यावर काळा दोरा. मधल्या तुकड्यावर राणीचं तांबडं रेशीम, नवंकोरं, मीच आठ दिवसांपूर्वी घातलेलं. इतकी शहाणी मी, आणि दोऱ्याचा रंग माझ्या ध्यानात आला नव्हता.

‘दमट हवेन दोरो तांबडो जाता?’

तांडेलीण आळ्यातली माती पायाने सारखी करत होती. ते दोघींकडे बघत राहिले. मग पुन्हा पाण्याकडे वळले, काठी मागे नेली, थांबले, सोडली. पुन्हा एकदा. चौथ्या फेकीनंतर, आमच्याकडे न बघता, म्हणाले, ‘आदी माका थांबूक लागायचां. आता हीच थांबता.’ त्यानंतर त्यांनी कधीही, कोणालाही काही विचारलं नाही.

इंजिनियर दिवाळीनंतर आले.

‘तुम्ही शब्द दिला होता.’

‘दिला होता.’

‘मग?’

‘मोडला.’

त्यांना याहून लांब उत्तर हवं होतं. मी ती पहिली मामलेदार काठी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती दोनदा झटकली, खूश झाले आणि घेऊन गेले. दोघांचं उत्तम जमलं असणार. उरलेल्या हळूहळू गेल्या. एक हेडमास्तरांनी नकाशा दाखवायला नेली, तिचंही बरं चाललं.

राणीचं बूड आणि शेंडा बाबांनी पुन्हा आढ्याला टांगले. ते असेपर्यंत त्यांनी तिकडे मान वर करून पाहिलं नाही. मला कधी बोलले नाहीत, बोलले असते तर बरं झालं असतं. मी केलं ते पुन्हा करीन. पण चांगली वस्तू मोडली, तीही बापाची आवडती, हे खरं आहे आणि ते मी खोडत नाही. बाबा गेल्यावर एक गोष्ट मनात धरून ठेवली: कधीतरी तो तुकडा परत आणायचा आणि राणी पुरी करायची.

गोवा सुटला त्याच्या पुढच्या वर्षी भिवा तांडेल गेले. खाडीवर नाही, तापाने, खाटेवर. शेवटच्या आठवड्यापर्यंत गरवत होते. बारावं-तेरावं झालं, आणखी महिनाभर मी वाट बघितली आणि मग गेले. मनात वाक्य तयार होतं: काकी, ती काठी आता तुमच्या काय कामाची?

घरासमोरच्या वाळूत बांगडे आणि बारीक मासळी वाळत घातली होती. माडांवर कावळे. तांडेलीण मासळीच्या कडेला पाटावर उभी होती, आणि तिच्या हातात काठी होती. गरीच्या जागी दोरीला तांबड्या चिंधीची गाठ. एक कावळा बांगड्यांवर उतरला. तिने काठी मागे नेली. थांबली. दोरी तिच्यामागे पूर्ण सरळ झाली, वाऱ्यातही सरळ झाली, आणि मग पुढे आली, उलगडत, अजिबात घाई नसल्यासारखी. चिंधी कावळ्याच्या शेपटीवर बसली. कावळा बोंबलत उडाला. मासळीला धक्का नाही.

मी साहेबांच्या काठ्या तोवर दहा वर्षं हाताळल्या होत्या. तशी फेक मी कोणाची बघितली नाही. तांडेलांचीही नाही.

‘काकी, कोणी शिकवल्यान?’

‘शिकवतलो कोण? लुगडां झटकतंय तशी झटकतंय.’ तिने दोरी गोळा केली. ‘तेंका मातर सांगाक नाय होतंय. ते दुपारचे निजले काय मी पडवीसमोर झटकून बघी. बाप्यांक वायट वाटता.’ मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, ‘तू कित्याक इलंस?’

मनातलं वाक्य आठवेना, असं नाही. आठवत होतं.

‘जोड बघूक,’ मी म्हटलं. ‘हवा दमट आसा.’

‘बघ. पण बेगीन दी, कावळे बसतत.’

मी मधला तुकडा ओढला. ‘टप्’ आवाज आला. तांबडं रेशीम विटलं होतं, पण एकही वेढा सुटला नव्हता. तुकडा मी पुन्हा बसवला, फिरवून घट्ट केला आणि काठी तिच्या हातात दिली. दोन कावळे तेवढ्यात बांगड्यांवर उतरलेच होते.

राणी अजून दुकानात आहे, दोन तुकड्यांची. गिऱ्हाईक मधल्याची चौकशी करतं, तेव्हा मी सांगते, तो कामाला लागलाय.